दिव्याची उंची

रविवार, ९ मार्च
रात्र, जेवणाच्या टेबलावरून

प्रिय इंजिनवाले,

सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे. लेक तिच्या घरी मजेत आहे, जावई अजून तसाच घोरतो म्हणे. खिडकीतली झाडं जगली आहेत. तुझी तब्येत आणि तुझं ते म्हातारं इंजिन, दोन्ही चालू असतील असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नकोस. कंपनीचा माणूस पुढच्या बंदरात जहाजावर येणार आहे, त्याच्या हाती देते आहे. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आवाज उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलतो, मग दोघंही गप्प. मग तू विचारतोस, "बाकी काय?" आणि मी म्हणते, "बाकी काही नाही." गेल्या आठवड्यात तू विचारलंस, निवृत्ती पुढे ढकलून कंपनी आणखी एक वर्ष देते आहे, घेऊ का? मी म्हटलं, "बघ तुला काय वाटतं ते." त्यावर तू "बरं" म्हणून फोन ठेवलास, आणि ते काही लाईन खराब होती म्हणून नव्हे. महिनाअखेर तुला त्यांना कळवायचं आहे. माझं उत्तर या पत्रात आहे, पण ते मी माझ्या क्रमाने देणार. गिऱ्हाइकालासुद्धा मी पहिल्या भेटीत नकाशा दाखवत नाही.

आधी धंद्याचं. सध्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर करते आहे. बाईंना मासिकात पाहिलेला पांढरा सोफा हवा, नवऱ्याला पाय पसरायला जागा हवी, आणि घरात तीन वर्षांची जुळी. मी सांगितलं, ज्यावर बसण्याआधी पाय पुसावे लागतात तो सोफा नव्हे, तो पाहुणा. त्याची रोज कोण बडदास्त ठेवणार? बाई हसल्या, पण पांढऱ्यावरून हटेनात. शेवटी सोफा मातकट रंगाचा, धुता येणाऱ्या खोळींचा, आणि पांढरा रंग भिंतीच्या वरच्या भागात, जिथे जुळ्यांचे हात पोचत नाहीत. माझं गणित तुला पाठ आहे: घराला चेहरा हवा, बूड टेकलं की आराम हवा, आणि अडल्या वेळी वस्तू हाताशी हवी. यातलं एक जरी रुसलं तरी माणूस स्वतःच्या घरात अवघडून बसतो. हे मला चांगलं जमतं. उगाच नम्रता दाखवण्याचं वय गेलं.

त्याच तोऱ्यात हिवाळ्यात मी लेकीची रिकामी खोली तुझ्यासाठी करायला घेतली. तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू धाडलेल्या केबिनच्या फोटोत टेबलावर तुझा निळा कप आहे. त्याचा जोडीदार घरी आहेच. तो मोजला आणि त्यावरून अख्ख्या केबिनची मापं काढली. भिंतीला लागून अरुंद पलंग, खाली खण, खण आपोआप उघडू नयेत म्हणून खटके, टेबलाला कप घसरू नये म्हणून उभी कड, दाराशी गोल आरसा. मिस्त्री म्हणाले, असलं काम उभ्या जन्मात केलं नव्हतं. तू डोळे मिटून आत आला असतास तरी तुझा हात बरोबर बटणावर पडला असता. मी भलतीच खूश होते.

मग तुझी धाकटी बहीण चहाला आली. मी मोठ्या कौतुकाने तिला खोलीत नेलं. तिने कप टेबलावर ठेवला आणि कडेवरून बोट फिरवलं.

"वहिनी, घर हलतं का गं तुमचं?"

"नाही. का?"

"मग कप कुठे घसरणार आहे?"

मी तिला समजावलं, की सवयीची वस्तू असली की माणूस लवकर रुळतो, ओळखीची मापं अंगाला बरी वाटतात. ती मान डोलवत राहिली. पलंगावर बसली, शेजारी हात टेकवायला गेली तर हात हवेत. चहा संपवून म्हणाली, "छानच झालंय. दादाला पुन्हा नोकरीवर पाठवलंस की."

दोन दिवस मी तिचा फोन घेतला नाही. कुणी माझ्या कामात खोट काढली की मी आधी चिडते आणि मग मोजायला बसते, जित्याची खोड आहे. तिसऱ्या दिवशी मोजायला बसले.

नव्या गिऱ्हाइकाकडे जाताना मी बजावून ठेवते, की मी येणार म्हणून काही आवरू नका. मग चपला कुठे पडतात, चष्मा कुठे राहतो, ओला टॉवेल कशावर वाळतो, ते बघत हिंडते. माणसं आपल्याबद्दल काहीही सांगतात, टॉवेल थापा मारत नाही. तशीच मी आपल्या घरात हिंडले, हे दुसऱ्याच कुणाचं घर आहे असं समजून. इथे एक बाई राहते हे उघड दिसत होतं. खिडकीपाशी एक खुर्ची, तिच्या डाव्या हाताला पुस्तकं, उजव्या हाताला चहाची जागा. स्वयंपाकघरातली फळी तिच्या उंचीची. तुझं काय सापडलं? दारामागे तुझी जुनी बॅग, तीही अर्धी भरलेली. आणि तो निळा कप. तुझा टॉवेल वाळत घालायला या घरात खुंटी नाही रे. म्हणून सुट्टीत तू तो घडी करून बॅगेवर ठेवतोस, आणि स्वतःच्या घरात मला विचारतोस, "हे इथे ठेवू का?"

आणि हा दिवा. टेबलावरचा हा दिवा मी बसलेल्या माणसाच्या हिशोबाने खाली टांगला होता. बसणारी मी एकटीच. दर सुट्टीत पहिल्याच दिवशी तू ताठ उभा राहतोस आणि तुझ्या कपाळावर टेंगूळ येतं. मग मी सुतळीने दिवा वर बांधते. तू गेलास की त्याच संध्याकाळी सुतळी सोडते. इतकी वर्षं हे करताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोकांची घरं करणारी बाई मी, नवऱ्यासाठी सुतळी.

आता खरं सांगते. तू येणार म्हणून मला आनंद होता, पण भीतीही होती. आपण लग्नाला इतकी वर्षं झाली म्हणतो, पण सगळ्या सुट्ट्या जोडून बघ, आपला संसार केवढासा भरतो. एकटीने राहणं मला जमलं आहे, इतकं जमलं आहे की आवडतं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू समोर बसलेला असशील, बुधवारीही असशील, तेव्हा मी काय करायचं, हे मला माहीत नाही. म्हणून मी तुझ्यासाठी खोली केली. सुंदर केली, सोयीची केली, आणि दार लागेल अशी केली. धाकटीने बोट ठेवलं ते यावर. फोनवर "बघ तुला काय वाटतं ते" म्हणाले तेही याच भीतीने.

पण भीती हे काही घर बिघडवायचं कारण होऊ शकत नाही. परवा मिस्त्रींना बोलावून पलंग काढायला सांगितला. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "बाई, आत्ता कुठे पॉलिश वाळलंय." मी म्हटलं, मजुरी दुप्पट घ्या पण कारण विचारू नका. पलंग लेकीकडे जाईल, घोरणाऱ्यासाठी. कडेचं टेबल ठेवलं आहे, पत्ते खेळताना पानं खाली सांडणार नाहीत. न्हाणीघरात दोन खुंट्या ठोकल्या. झोपायच्या खोलीतलं कपाट उजवीकडून रिकामं केलं. माझ्या साड्यांनी थोडी कुरकुर केली. हॉलमधली खिडकीसमोरची भिंत तशीच सोडली आहे. मी, आणि कोरी भिंत. धाकटीला सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही. त्या भिंतीवर तुला हवं ते लाव, अगदी इंजिनाचा फोटो लावलास तरी मी वळून एकदाच बघेन.

दुसरी खुर्ची मात्र आणली नाही. खुर्ची बसून बघितल्याशिवाय घेऊ नये असं मी साऱ्या जगाला सांगते. तुझी खुर्ची तुझ्याशिवाय कशी घेऊ?

काल वायरमन येऊन गेला. दिवा तू उभा राहिलास तरी डोक्याला लागणार नाही इतका वर घेतला. वायर खाली लोंबायला लागली तशी तो म्हणाला, "ही गुंडाळून वर ठेवतो. नंतर दिवा पुन्हा खाली हवा झाला तर?"

मी म्हटलं, "कापून टाका."

उजेड आता जरा लांबून येतो, हे पत्र लिहिताना डोळे ताणावे लागताहेत. होईल सवय. कंपनीला नाही म्हणून कळव, आणि ये. बॅग या वेळी पूर्ण रिकामी करायची आहे.

तुझीच,
उरलेल्या अर्ध्या कपाटाची मालकीण