टेकडी वर कशी गेली

बुधवार, अकरा तारीख

दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? पोरांच्या परीक्षा आटोपल्या असतील. इकडे मावशीचा खोकला थांबला आहे आणि मांजरीने पुन्हा तिच्याच कपाटात पिल्लं घातली आहेत.

तू आमचे कोणाचेच फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. घरी पाठवलं नाही. वहिनीने वाचू नये, एवढी लाज मला अजून आहे.

माझ्या कामाची तू नेहमी थट्टा करायचास. "आकाशातून लोकांची छपरं मोजणारी बाई!" खरंच आहे ते. उपग्रह ठरावीक दिवसांनी वरून जातो, रडारची लहर खाली सोडतो, ती छपरांवर, कठड्यांवर आपटून परत जाते. मागच्या खेपेच्या आणि या खेपेच्या लहरीत जो फरक पडतो, त्यावरून घर किती मिलिमीटर खचलं ते आम्ही काढतो. पण खचलं ते कशाच्या मानाने? त्यासाठी एक जागा हलत नाही असं धरून चालावं लागतं. आम्ही तिला खुंटा म्हणतो. खुंटा पक्क्या खडकावर हवा, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. आमचा होता टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर.

गेल्या महिन्यात रजेवरून परतले तर सगळा नकाशा हिरवागार. तू खणतो आहेस त्या बोगद्यावरची एकही गल्ली खचत नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग टेकडीकडे नजर गेली. टेकडी वर चालली होती! खालची सगळी वस्ती जागच्या जागी आणि काळा कातळ तेवढा वर. आमच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "टेकड्या फुगतात कधीकधी."

"पोटात वात धरला असेल तिच्या," मी म्हटलं.

ते हसले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "खुंटा हलवलाय. बोगद्याच्या साइट ऑफिसच्या छपरावर घेतलाय. तुमच्या दादांनीच सुचवलं. आता घरच्या माणसांपासून काय लपवायचं?"

घरच्या माणसांपासून! त्यांचं ते हसू आठवलं की अजून शिसारी येते.

तुझ्या बोगद्यात पाणी झिरपतं, तू पंप लावून ते उपसतोस आणि वरची मऊ जमीन बसत जाते. त्यात तुझं ऑफिस बसतं आणि मावशीची गल्लीही, जवळजवळ सारख्याच वेगाने. मग ऑफिसवरून बघितलं तर गल्ली हललेली दिसेलच कशी? उलट जागची न हललेली टेकडीच वर गेलेली दिसणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आपल्या घरात तुझ्याएवढा हुशार कोणी निपजला नाही, असं मावशी सांगत फिरते. चूक नाही तिचं.

तरीही मी मनाची समजूत घातली असती. वरून दबाव आला असेल, गल्लीचं तुझ्या ध्यानात आलं नसेल, काहीबाही. पण त्याच आठवड्यात मावशीकडे गेले. स्वयंपाकघराचं दार रंधा मारून गुळगुळीत केलेलं. ती खुशीत होती.

"अडकत होतं गं. दादाला फोनवर सहज बोलले, तर दुसऱ्या दिवशी सुतार हजर! भिंतीच्या भेगासुद्धा बुजवून रंग देऊन गेला. पोटच्या पोराने केलं नसतं एवढं."

दार का अडकतं ते तुला ठाऊक होतं, दादा. आई गेल्यावर जिने आपल्याला पोटाशी धरलं, तिच्या घराच्या भेगांवर तू रंग फासलास. आणि ती तुझं कौतुक करत होती. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. बाहेर आल्यावर तिला सांगितलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी खुंटा परत टाकीवर नेला. साहेब आडवे आले, येऊ देत. लालभडक झालेला नकाशा महापालिकेच्या अभियंत्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तुझे पंप बंद पडले ते त्यामुळे. माझी नोकरी काही राहत नाही. त्या साहेबाशेजारी बसून चहा प्यायचा नाही, हेही थोडं नाही.

गल्ली रिकामी झाली आहे. सगळा शेजारपाजार सामान बांधून गेला. मावशी तेवढी हलत नाही. मी नकाशा दाखवला, अभियंत्यांनी हात जोडले, उचलून नेतो म्हटलं तर पलंगाचा पाय धरून बसली. तिचं एकच पालुपद: "खाली माझ्या पोराचं काम चाललंय. धोका असता तर त्याने सगळ्यांत आधी मला उठवलं असतं. तू आपली घाबरट. तो समोर येऊन सांगू दे, नेसत्या वस्त्रानिशी निघते."

तू काय केलंस ते मी तिला सांगितलेलं नाही. ओठांवर येतं आणि तिचं तोंड बघून गिळते. तुझ्या अब्रूसाठी नाही. ते शब्द उच्चारायचीच मला किळस येते. आणि भीतीही वाटते. तिला ते खरं वाटलं, तर ती मग उठणारच नाही.

अभियंते म्हणतात, पंप थांबले तरी जमीन आतून पोकळ झाली आहे, मधली भिंत कधीही बसेल. तेव्हा आजच ये. काय सांगायचं ते तू ठरव. खोटं बोललास तरी मी मध्ये पडणार नाही, तुला ते छान जमतं. फक्त आत जा, तिच्या शेजारी बस आणि तिला उठव. त्या घरात पाऊल टाकायला भीती वाटली, तर कशाची वाटते ते तुझं तूच स्वतःला विचार.

तुझी वाट ती बघते आहे. मी नाही.

धाकटी