बुरशी बरणीला येते, तोंडाला नाही

२ एप्रिल, बुधवार

जबड्याचं ऑपरेशन झालं. घरी आणलं. वरचे दात खालच्या दातांना तारेनं आवळून बांधलेत, कुपाला काटे बांधतात तसे. एक तार माझ्या पुढच्या चांदीच्या दाताला गुंडाळली आहे. बोलणं बंद.

नात यशोधरानं दोन वस्तू दिल्या. एक पाटी, एक पतसंस्थेची डायरी. पाटी घरच्यांशी बोलायला, डायरी माझी मला. पाटी सगळे वाचतात. डायरीची भीती नाही. माझं अक्षर मलाच लागतं, ते पण उजेडात.

पडले कशी ते लिहून ठेवते, कारण गावात चुकीचं सांगतात. पोरगा भीमराज गाडी चालवत होता, मी मागं. टेम्पोवाल्यानं कट मारला. मी वळून त्याला त्याचं खानदान समजावून सांगत होते. तेवढ्यात कोल्हारच्या पुलाजवळचा स्पीडब्रेकर आला. भीमराज म्हणतो, "आई, तोंड मिटलेलं असतं तर एवढं झालं नसतं." डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही. टेम्पोवाल्याला शेवटचा शब्द ऐकू गेला, हे मी पडता पडता पाहिलं.

४ एप्रिल

खाणं पातळ. सून दीपा पिचकारीनं गालाच्या आत पेज सोडते. मागच्या दाढा नाहीत, म्हणून वाट आहे. दात कमी असण्याचे फायदे लोकांना कळत नाहीत.

१२ मेला बुद्धपौर्णिमा. विहारात बायांची वंदना मीच घेते, पुस्तकाशिवाय. यंदा महिला मंडळाचा ठराव आहे. सगळ्या बायांनी मिश्री सोडायची. विहाराच्या मागं खड्डा करून जिची तिनं डबी त्यात ओतायची, वर पिंपळ लावायचा. ठराव मांडला मी. शपथ देणार मी. तंबाखू भाजून हिरड्यांना चोळत बसायचं, थुंकायचं, हे काय बाईमाणसाचं जगणं झालं?

मी तर ऑपरेशनच्या दिवशीच सोडली. भूल दिली होती.

६ एप्रिल, रविवार

माझ्या जागी गल्लीतल्या ठकूबाईनं वंदना घेतली. पुस्तकात बघून. बघून म्हणणं म्हणजे टायर लावून पोहणं. दीपा म्हणाली, आज बाया जास्त आल्या होत्या. येणारच. काय होतंय बघायला गर्दी जमतेच.

९ एप्रिल

मिश्री सोडली म्हणजे सकाळची सोडली. दुपारची मी धरत नाही. ओठ आणि दात यांच्यामध्ये बोट बरोबर जातं. तारेला धक्का लागत नाही. जरा तरतरी येते, दुसरं काही नाही.

पाचव्या शीलात नशापाणी करू नये असं आहे. मला मान्य आहे. पण मिश्रीनं दात घासतात. दात घासणं ही नशा असेल तर पेस्टवाले सगळे दारुडे म्हणायचे.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक ओट्यावरून पाहिली. घोषणा देता येईना, म्हणून नुसता हात वर केला. माईक ठकूबाईकडं होता. आवाज फाटत होता. माईकचा का तिचा, ते लांबून कळलं नाही.

१७ एप्रिल

तोंडाची आग. पेजेला चव नाही. दीपानं मोबाईलची बॅटरी मारून ओठ वर केला आणि म्हणाली, "आत्याबाई, हिरड्यांना दह्यासारखं पांढरं बसलंय की वो." मी पाटीवर लिहिलं : तू दूध न गाळता देतेस. तिनं पाटी वाचली आणि पाटीच पुसून ठेवली.

१८ एप्रिल, शुक्रवार

नगरला दवाखान्यात. सुकन्या मॅडम पोरगीच आहे, पण हात हलका आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आजी, तोंडात बुरशी झाली आहे."

भीमराजसमोर म्हणाली.

बुरशी भाकरीला येते. बरणीला येते. ज्या बाईचा हात मिठाला आखडता, तिच्या लोणच्याला येते. ठकूबाईच्या लोणच्याला दर साली येते. माझी एक बरणी आजवर फेकलेली नाही. मी पाटीवर लिहिलं : आमच्यात नसते.

ती म्हणाली, ऑपरेशननंतर खूप गोळ्या होतात, तोंड नीट साफ राहत नाही, त्यानं होते, कुणालाही होते. मग विचारलं, "तंबाखू, मिश्री काही?" मी लिहिलं : सोडली. मोठ्या अक्षरात. भीमराज खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर भिंत होती.

थेंब दिलेत. चूळ भरून हिरड्यांना लावायचे आणि अर्धा तास तोंडाला काही लावायचं नाही. बुरशीच्या खाली टाक्यांची जागा भरलेली नाही. ती भरली तर पौर्णिमेच्या आधी तारा काढणार. नाहीतर पौर्णिमेनंतर.

पौर्णिमेनंतर तारा काढून मी काय करू? ठकूबाईचं लोणचं खाऊ?

१९ एप्रिल

रात्रभर विचार केला. डॉक्टरला बुरशीतलं काय कळतं? तिनं बरणी घातली आहे का कधी? बरणीत ओल राहिली की बुरशी. म्हणून बरणी धुवायची, उन्हात कोरडी करायची, हिंगाची धुरी द्यायची. आणि ही मला दिवसभर चुळा भरायला सांगते. म्हणजे ओल.

तोंडाला हिंगाची धुरी देता येत नाही. पण भाजलेली, कोरडी, कडक अशी एकच वस्तू आहे.

ठरलं. थेंब लावायचे आणि वर मिश्रीनं दाबून टाकायचे. औषध पक्कं बसेल. ही मिश्री वेगळी. ही उपचाराची.

२३ एप्रिल

उपचार संपत आला. डबीचा तळ दिसला. घरचे सगळे लोणी गावच्या बाजाराला गेलेले. तवा काढला, तंबाखू भाजायला टाकली. वाऱ्याची दिशा बघितली नाही, ती चूक झाली. धूर गल्लीत गेला. आधी शेजारच्या गहिनीनाथाची म्हैस खोकली, मग गहिनीनाथ. मग सगळी गल्ली.

ठकूबाई पदर नाकाला लावून दारात आली. मी पाटीवर लिहिलं : मिरच्या. ती म्हणाली, "गीताबाय, पिचकारीनं पेज पिनारीला मिरच्या कशापाई गं?" मी लिहिलं : पाहुण्यांसाठी. ती म्हणाली, "कोन येनार हाय?" मी पाटी पुसली.

ती लगेच गेली नाही. पदर बाजूला करून दारात तशीच उभी राहिली, डोळे मिटून. बराच वेळ श्वास घेत होती. तिनं ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी सोडली म्हणे. म्हणे.

२७ एप्रिल, रविवार

पांढरं वाढलं. आता ओठ हलवला तरी आग. उपचार कमी पडतोय. दिवसातून एकदा जास्त सुरू केला.

मंडळाची बैठक आमच्याच ओट्यावर घेतली, माझ्यासाठी. पौर्णिमेला प्रमुख पाहुणी कोण, यावर चर्चा. कोणी सरपंचाच्या बायकोचं नाव काढलं. ती स्वतः गुटखा खाते. मी पाटीवर लिहिलं : सुकन्या मॅडमला बोलवा. यशोधरा म्हणाली, "आजी, बघ हां. नीट विचार कर." काय विचार करायचा? डॉक्टर येणार, चार बायांसमोर सांगणार की या बाईनं कसं सोसलं. ठराव पास. यशोधरानं फोन केला. मॅडम येते म्हणाली, मिश्रीवर माहिती देणार, पडद्यावर फोटोही दाखवणार.

२८ एप्रिल

आजपासून मिश्री पूर्ण बंद.

२८ एप्रिल, दुपार

उद्यापासून. आज सोमवार आहे आणि जेवण झालं आहे.

६ मे, मंगळवार

तारा निघाल्या! हाड जुळलंय. टाक्याची एक जागा अजून ओली आहे, पण तारांमुळं तोंड साफ होत नाही म्हणून काढल्याच, असं मॅडम म्हणाली. म्हणजे माझ्या उपचारानं काढाव्या लागल्या. असं नाही तर तसं, पौर्णिमेच्या आधी काढल्या ना?

तोंड दोन बोटं उघडतं. मॅडमनी आत बघितलं. जीभ पांढरी. मग चिमट्यानं हिरडीच्या कपारीतून काहीतरी काळं काढलं आणि कापसावर ठेवलं. कापसाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. पंखा चांगला होता.

मग तिनं विचारलं, "आजी, तुमच्या तोंडाचा एक फोटो घेऊ? असं एकत्र क्वचित बघायला मिळतं. तुमची हरकत नसेल तर कार्यक्रमात दाखवीन. नाव सांगणार नाही." मला कळलंच. या वयाला हाड इतकं सुबक जुळलेलं तिनं पाहिलं नसणार. आवाज अजून फुटेना, म्हणून पाटीवर लिहिलं : नाव सांगितलं तरी चालेल. ती हसली. चांगल्या घरची पोरगी आहे.

यशोधरा म्हणाली, "आजी, तू खरंच हो म्हनलीस?" पोरीला माझं कौतुक बघवत नाही. आईवर गेली आहे.

१० मे

आवाज येतो. थोडा बसका, पण ठकूबाईच्या चालू आवाजापेक्षा बरा. आरशासमोर शपथ म्हणून बघितली. "आम्ही आजपासून मिश्रीला हात लावणार नाही." छान जमली.

जुनी एक डबी सापडली. त्यात चुलीची राख भरली. ही खड्ड्यात ओतायची. उपचाराची डबी कमरेला. शपथ ही नुसत्या तलफेच्या मिश्रीबद्दल आहे. ठरावात उपचाराचा उल्लेख नाही. ठराव मीच सांगितला होता, मला माहीत आहे.

१२ मे, पौर्णिमा, सकाळ

पांढरं नेसले. दीपानं इस्त्री करून दिलं, न सांगता. गर्दी होणार. दीपाची चादर पडदा म्हणून नेली आहे.

१२ मे, रात्र

झालं ते क्रमानं लिहिते.

वंदना मी घेतली. पुस्तकाशिवाय. पहिली तीन शीलं सरळ गेली. चौथं, खोटं बोलू नये, तिथं जबडा अडकला. दोनदा अडकला. नवीन जोडलेलं हाड आहे, होतं असं. बायांनी पुढचं आपलं आपण म्हणून घेतलं.

मग मॅडम बोलायला उठली. चादरीवर फोटो आला. चादर डबलबेडची आहे. त्या मापाचं तोंड. पांढरीफटक जीभ, हिरडीच्या कपारीत काळा थर, आणि मधोमध चांदीचा दात, ताटाएवढा. मॅडम म्हणाली, "या आजींचं नाव मी सांगणार नाही. जबड्याचं ऑपरेशन झालं, तोंडात बुरशी झाली. औषध दिलं होतं, आठवड्यात बरं झालं असतं. पण त्या जखमेवर मिश्री चोळत राहिल्या. त्यामुळं जखम भरेना आणि बुरशी हटेना."



मग ठकूबाई म्हणाली, "नाव कशाला सांगता म्याडम? त्यो दात दर रविवारी आमाला शीलं देतो."

बाया हसल्या. भीमराज हसला. मॅडमनं मात्र तोंडावर हात धरला आणि घाईघाईनं फोटो बदलला. पुढचा फोटो कुणा परक्याचा होता, तो कुणी बघितला नाही.

मी उठले. म्हणाले, चांदीचे दात हल्ली लई जणी बसवतात. कोण कोण, ते कुणी विचारलं नाही. मग म्हणाले, चला, शपथ घ्यायची. सगळ्या खड्ड्यापाशी गेलो. एकेक बाई डबी ओतत होती. माझी पाळी आली, मी माझी ओतली. राख वाऱ्यावर उडाली. मिश्री जड असते, उडत नाही. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

यशोधरानं माझ्यापुढं हात केला. मोठ्यानं बोलली नाही. "आजी, कंबरेची."

मी तिला सांगितलं, ती उपचाराची आहे. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. दे." हात तसाच पुढं. बारकी होती तेव्हा गुळासाठी असाच करायची, दिल्याशिवाय मागं घ्यायची नाही. भरलेली डबी होती. कालच भाजलेली.

दिली.

भीमराजनं पिंपळाचं रोप लावलं, माती लोटली. सगळ्यांनी हात जोडले. ठकूबाई खड्ड्याकडं जरा जास्तच वेळ बघत होती. मी पण.

१३ मे

तो खड्डा फार खोल नाही. पण पिंपळ बुद्धाचा. तो उपटणार कोण? मी नाही.

डोकं दुखतं. दीपावर ओरडले. जबडा चांगला चालतो.

१८ मे, रविवार

जबडा नीट होईपर्यंत रविवारची वंदना ठकूबाई घेणार. ही माझीच सूचना. मंडळानं ती माझ्या आधी मंजूर केली, एवढंच. माझ्याकडं पिंपळाला पाणी घालायचं काम दिलंय. रोज, दोन वेळा. ठकूबाईनंच सुचवलं. म्हणाली, "गीताबायचा जीव हाय त्यात."

८ जून, रविवार

जीभ लाल. आग नाही. पिठलं खाल्लं, मिरचीसकट. मॅडम म्हणाली, मिश्री सुटली म्हणून बुरशी गेली. मी म्हणाले, पेजेत मीठ वाढवायला लावलं म्हणून गेली. ती बरं म्हणाली.

पिंपळाला पाणी घातलं. त्याला नवी पानं फुटलीत, लालसर, चकचकीत. कसा तरतरीत उभा आहे. असणारच. माझी सगळी मिश्री तोच लावतो.