मुलाखत क्रमांक सात

आई, गेल्या आठवड्यात ताईचा मुलुंडहून फोन आला आणि तिने माझ्याकडे तुझा आवाज मागितला. "तू शिकत होतीस तेव्हा आईचं रेकॉर्डिंग केलं होतंस ना गं? मोबाइलवर पाठव ना मला. आवाज विसरत चाललेय मी तिचा." तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच मागितलं. मी म्हटलं, शोधून बघते. शोधायचं काय होतं त्यात? ते रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्या कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांच्या डब्यात आहे, डोळे मिटूनही हाताला लागेल.

माझा विषय तुला कधी नीट कळला नाही, आणि त्यात दोष तुझा नव्हता. "बायकांचो अभ्यास? बायका काय तुका म्हायत नाय गो?" असं म्हणून तू हसायचीस. आमच्या स्त्री-अभ्यासाच्या विभागात इतिहासवाले, अर्थशास्त्रवाले, समाजशास्त्रवाले, साहित्यवाले असे सगळेच येऊन शिकवायचे, आणि मी वर्गात तुझा विषय काढला की प्रत्येकाला वेगळी आई हवी असायची. इतिहासाच्या सरांना गिरणी बंद पडल्यावर घराबाहेर पडलेली कामगाराची बायको हवी होती. अर्थशास्त्राच्या बाईंना अंधेरीच्या कारखान्यात दिवसभर तारा जोडून घरी आल्यावर पुन्हा स्टोव्हपुढे बसणारी हवी होती. साहित्याच्या मॅडम तर तुझे मालवणी शब्दच वहीत उतरवून घ्यायच्या. मला काय मिजास चढायची म्हणून सांगू! असल्फ्याच्या टेकडीवरची माझी आई एवढ्या शिकलेल्या माणसांना पुरून उरत होती.

मग मी प्रबंधासाठी तुझीच मुलाखत घ्यायचं ठरवलं. माझ्या यादीत तू सातवी. तुझ्याकडून संमतीपत्रावर सहीसुद्धा घेतली, ती करताना तू चष्मा दोनदा पुसलास. दुपारची वेळ. तू मोरीपाशी बसून कुळीथ निवडतेयस, मी समोर पाटावर, आपल्या दोघींच्या मध्ये ते यंत्र. बाबा ओट्याशी आहेत. दार लोटलेलं आहे, कारण ते चहा करत असले की तू दार लोटून घ्यायचीस. "चहा ठेवलाय गं, निवेल," असं म्हणून ते चपला घालून खाली पेपर आणायला जातात. मग मी विचारते, ताईची शाळा नववीत का सुटली? तू दाराकडे बघतेस आणि म्हणतेस, "बंद कर ता."

मी बटणावर बोट ठेवलं आणि न दाबता तसंच उचललं.

तू जे सांगितलंस ते मला आता तोंडपाठ आहे. गिरणी सुटल्यावर बाबाच म्हणाले होते की मी घरातच आहे, पाणी मी भरतो, धाकटीला मी बघतो, थोरलीला शाळेत जाऊ दे. आणि तू नको म्हणालीस. "नळार हंडो घेऊन उभो रवलेलो घोव माका बघवलो नसतो गो. लोकांनी तेका बायलो म्हटला असता. नोकरी गेली, ती गेली. आणखी किती जाऊंदे तेचा?" तू सूप दोनदा पाखडतेस. मग तू विचारतेस, "बंद केलंस मां?" आणि मी म्हणते, "हो, केव्हाच."

तुझं ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवली होती. मी चारपाच वर्षांची असेन. बाबा कळशी घेऊन उंबऱ्यापर्यंत जातात, तू मागून येऊन ती त्यांच्या हातातून काढून घेतेस, "ठेवा ती, लोक बघतत" म्हणतेस, आणि ताईला हाक मारतेस. बाबा परत आत येऊन बसतात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी ताईच्या दप्तराचा तुटलेला पट्टा दाभणाने शिवून दिला होता. पुढे ते दप्तर मला आलं. मी ते चार वर्षं वापरलं आणि पट्टा काही तुटला नाही.

हे सगळं माहीत असून मी प्रबंधात लिहिलं की वडिलांनी मोठ्या मुलीची शाळा बंद केली. तू बंद करायला सांगितलं होतंस, तेव्हा तुझं गुपित राखलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर प्रबंधाच्या त्या प्रकरणात मला तसा बाप हवा होता. पाणी भरायला तयार असलेला बाप कुठे बसवायचा ते मला कळेना, आणि आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्या परिच्छेदाशेजारी 'नेमकं उदाहरण' असं लिहिलं तेव्हा मी खूशही झाले. आता मी कॉलेजात मुलींना शिकवते की समोरची बाई थांब म्हणाली की थांबायचं, आणि तिच्या तोंडी आपलं म्हणणं घालायचं नाही. मुली लिहून घेतात.

पदवी मिळाली तेव्हा तू नव्हतीस. ताईला ते इंग्रजी वाचता येईना म्हणून तिच्या स्वयंपाकघरात बसून मीच तिला ते पान मराठीत सांगितलं. ती रडली. म्हणाली, "कोणीतरी लिहिलं ते एकदाचं." त्या पानाची झेरॉक्स तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली, अजून तिथेच असेल. त्यानंतर बाबा दीड वर्ष जगले. ताई एक दिवसाआड बसने त्यांना डबा आणायची, भात गरम राहावा म्हणून टॉवेलात गुंडाळून, आणि डबा ठेवून एक शब्दही न बोलता परत जायची. शाळा सुटल्यापासूनच ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, माझ्या पानानंतर तेवढंही गेलं. मी समोर असायचे. बाबा डबा उघडून म्हणायचे, "हाताला आईची चव आहे गं तिच्या." तेव्हा सांगता आलं असतं. दीड वर्ष रोज सांगता आलं असतं. पण तिची शाळा माझ्यासाठी सुटली होती, मला सांभाळायला. बाबांवरचा आळ काढला असता तर ती पुढे कोणाकडे बघेल, याची मला भीती वाटली. तुझ्यासाठी गप्प बसले असं म्हणायचे, ते खोटं आहे. मी माझ्यासाठी गप्प बसले.

काल मी सगळं ऐकलं आणि ताईच्या शाळेचा प्रश्न येतो त्याच्या आधी कापलं. दोन मिनिटांचं काम. उरलेली वीस मिनिटं ताईला पाठवली: तुझं हसणं, कारखान्यातल्या बायकांच्या गमती, सुपातले कुळीथ.

आज सकाळी तिचा फोन आला. खूप वेळ रडत हसत बोलली. तू तिच्या अगदी जवळ बसून बोलतेयस असं वाटलं म्हणाली. मग थांबली आणि म्हणाली, "ए, शेवटी बाबांचा आवाज आहे बघ. 'चहा ठेवलाय' म्हणतात. तो चहा कोणी केला होता गं?"

तो आवाज कापायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आई. ती वाट बघत होती. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तरी तिने फोन ठेवला नाही.

मी म्हटलं, "आईने."