ह्यूई मॅकक्रिंडल आणि मी

१ जानेवारी २०२५, सकाळी ६.१०
ठरलं. याच वर्षी. ह्यूई मॅकक्रिंडल छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर चढला. त्याआधी स्कॉटलंडच्या कुठल्याशा बंदरात तो मासे डब्यात भरायचा. आज एडिंबरोत हजारो लोकांना हसवतो. मीही छत्तीस. मी ऑफिसात फायली कपाटात भरतो. तत्त्व एकच.

यूट्यूबवर त्याची अकरा भागांची मुलाखत आहे. चौथ्यांदा बघतोय. त्याचं इंग्लिश कळत नाही, पण माणूस कळतो.

वैष्णवीला सांगितलं. ती डबे भरत होती. म्हणाली, अहो, हेडक्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म अठ्ठावीस मार्चपर्यंत आहे. मी म्हणालो, तोवर हॉल भरून लोकांना हसवलं नाही तर फॉर्म भरतो आणि जन्मात विनोदाचं नाव घेत नाही. म्हणाली, लिहून द्या. दिलं. घाबरतो काय!

१२ जानेवारी, संध्याकाळी
एमआयडीसीजवळच्या कॅफेत ओपन माईक. प्रेक्षक सात. ह्यूईच्या पहिल्या शोलाही सातच होते!! (माझ्या सातांतले दोघं मोबाइल चार्ज करायला बसले होते आणि एक कुशल.)

कुशल म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा. आता माझा मॅनेजर. त्याला अजून सांगितलेलं नाही.

कुणी हसलं नाही. कुशल म्हणाला, जोक सांगायच्या आधी तू स्वतःच हसतोस. मी म्हणालो, त्याला टायमिंग म्हणतात. गाढवाला गुळाची चव काय?

१९ जानेवारी
भाग ४. ह्यूईचा नियम: मिळेल तो माईक घ्यायचा. तो बोटीवर बोलला, म्हाताऱ्यांच्या क्लबात बोलला, एकदा मेंढ्यांच्या लिलावात बोलला.

आज भिगवण रोडला ऑफिसातल्या एकाचं लग्न. निवेदक पाणी प्यायला वळला, मी माईक घेतला. चांगली चार मिनिटं बोललो. मग नवरदेवाच्या मामानं माईक हिसकावला. म्हणे, आवं पाव्हणं, अजून तीन माजी सरपंचांचं स्वागत ऱ्हायलंय, तुमचं काय मधीच!

आपल्या तालुक्यात कलेला जागा नाही. सगळी जागा स्वागताला.

२ फेब्रुवारी
भाग ६. पुन्हा बघितला. ह्यूईचा बाप त्याच्याशी सहा वर्षं बोलत नव्हता. मग बाप गेला. चर्चमध्ये ह्यूई बोलायला उभा राहिला आणि त्यानं बापाच्या खोडी सांगितल्या. आख्खं चर्च हसलं. सगळ्यात जास्त त्याची आई. त्या दिवशी मी कॉमेडियन झालो, असं तो म्हणतो.

मला रडू आलं. वैष्णवीला म्हणालो, कांदा. ती म्हणाली, कांदा मी चिरतीये, तुम्ही सोफ्यावर आहात.

आमचे वडील ठणठणीत आहेत. तेव्हा हा मार्ग बंद.

९ फेब्रुवारी
मार्ग उघडला. म्हणजे वाईटच झालं. वैष्णवीचे चुलते, निमगाव केतकीचे झुंबर तात्या, काल गेले. वय ८१. भला माणूस. मलाही वाईट वाटलं, मनापासून. दहावा सतराला, नरसिंहपूरला संगमावर. श्रद्धांजलीची भाषणं असतात. माईक असतो. चारशे माणूस कुठं गेला नाही.

वैष्णवीला यातलं काही बोललो नाही.

१७ फेब्रुवारी, दुपारी
काय सांगू! सासरे आप्पासाहेब स्वतः म्हणाले, जावईबापू, दोन शब्द बोला. मी ह्यूईचं स्मरण केलं आणि सुरू झालो. तात्या एसटीत जागा धरायला खिडकीतून टोपी टाकायचे. एकदा दाराशी कुणीतरी भेटलं, तात्या गप्पांत रमले, गाडी सुटली. टोपी इंदापूरला गेली, तात्या स्टँडवर. मग संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला विचारत बसले, माझी टोपी उतरली का कुठं?

इथं हशा पाहिजे होता. मी दोन सेकंद थांबलोही.

म्हाळसाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, हंबरडा फोडला. मग बायका सगळ्या. मग पुरुष. एक माजी सभापती रुमालात तोंड घालून रडले. आप्पासाहेबांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. म्हणाले, आमचा झुंबर तुमी पुन्यांदा उभा केला.

वैष्णवी परत येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. असं ती गेल्या चार वर्षांत झोपली नव्हती. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की कुणीही हसलं नाही.

२ मार्च
गेल्या पंधरवड्यात चार दहावे. लोक नंबर शोधून फोन करतात. जातो. माईक तो माईक.

काल पळसदेव. गेलेल्या माणसाला मी आयुष्यात बघितलं नव्हतं. सुनेकडून घाटावरच माहिती घेतली. हा गृहस्थ रोज उजनीत गळ टाकून बसायचा आणि सापडलेला मासा वाटेतल्या मांजरांना देऊन रिकाम्या हातानं घरी यायचा. बायकोला सांगायचा, आज पाणी खराब हाय. बत्तीस वर्षं पाणी खराब!

हा माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात स्ट्राँग जोक. माणसं ढसाढसा रडली हो. स्पीकरवाला रडला. अरे, हसायला काय जातं तुमच्या बापाचं?

माणसं हसायच्या तयारीनं येत नाहीत, हे खरं कारण. दोष जागेचा. हॉल घेतलाच पाहिजे.

९ मार्च
हॉल ठरला. इंदापूर, २३ मार्च, रविवार, संध्याकाळी पाच. कुशलला आज सांगितलं की तो मॅनेजर आहे. म्हणाला, मला का पण?

फ्लेक्स ह्यूईच्या पोस्टरसारखा: काळी पार्श्वभूमी, माझा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली नाव, तारीख, वेळ. बाकी शब्द नाही. क्लास. वैष्णवी म्हणाली, अहो, निदान खाली विनोदी कार्यक्रम असं तरी टाका. मी म्हणालो, ह्यूई टाकत नाही.

त्याची आणखी एक खासियत, भाग ९: तो स्टेजवर येतो आणि काहीच बोलत नाही. नुसता उभा. लोक आपोआप फुटतात. आरशासमोर सराव करतोय.

१६ मार्च
फ्लेक्स लागला. प्रतिसाद प्रचंड. वैष्णवीला सकाळपासून तेवीस फोन. ती एकेकाला सांगतीये, आहेत हो, आहेत, चहा पितायत. मला फोन दे म्हटलं तर देत नाही. चौकात गोजरबाई भाजीवाली फ्लेक्सला हात जोडून उभी होती, मला बघून कोथिंबीर टाकून पळाली. प्रसिद्धीची किंमत.

२३ मार्च, दुपारी ४.४०
हॉल फुल! दोनशे खुर्च्या, मागं माणसं उभी. निमगाव, पळसदेव, नरसिंहपूर, सगळीकडून आलेत. बहुतेक जण पांढऱ्या कपड्यांत, उन्हाळा आहे. बायका मागं एकत्र. शिस्त बघा! काय हा प्रेक्षक! जिंकलो. वैष्णवी पहिल्या रांगेत, आप्पासाहेबांशेजारी. ह्यूई, बघ रे.

२४ मार्च, सकाळी
लिहितो. लिहिलं पाहिजे.

स्टेजवर गेलो. बोललो नाही. नुसता उभा राहिलो, भाग ९ प्रमाणे. पाच सेकंद. सात सेकंद. आणि आख्खा हॉल उभा राहिला. मला वाटलं, एक शब्द न बोलता स्टँडिंग ओव्हेशन! ह्यूईलासुद्धा हे कधी मिळालं नाही.

मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

दोन मिनिटं. पुरती दोन मिनिटं. आप्पासाहेब घड्याळात बघत होते. मग ते म्हणाले, ओम शांती, आणि दोनशे माणूस खाली बसला, रुमाल काढून. मागच्या एकानं कुशलला विचारलं, गेलं कोण म्हनायचं? कुशल म्हणाला, मलाही आत्ताच कळतंय.

मी कार्यक्रम केला. सगळा केला, पंचावन्न मिनिटं. डाएटच्या जोकला दोघी रडल्या. ट्रॅफिकच्या जोकला एक म्हातारे, खरंय बाबा, कुनाचं काय सांगता येतं, असं म्हणाले. वैष्णवी मान खाली घालून बसली होती. खांदे हलत होते. ती तरी हसतीये म्हणून मी तिच्याकडं बघून बोलत राहिलो. शेवटी तिनं मान वर केली. डोळे लाल.

घरी येताना तिला विचारलं, तू का रडलीस? म्हणाली, तुम्ही फार मनापासून करत होतात हो.

२८ मार्च, संध्याकाळी ५.३०
सकाळी हेडक्लार्कचा फॉर्म भरला.

आत्ता आप्पासाहेबांचा फोन. म्हणाले, जावईबापू, माझं बरं-वाईट झालं की तुमीच बोलायचं, दुसरा कुनी नको, आत्ताच सांगून ठेवतो. मला राग आला. स्पष्ट म्हणालो, आप्पा, एकदाच नीट ऐका, मी विनोदी कलाकार आहे.

ते हसले. इतके हसले की ठसका लागला. सासूबाईंनी फोन घेऊन विचारलं, काय सांगितलंसा ओ तुमी ह्यांना? मी त्यांनाही तेच सांगितलं.

त्याही हसल्या.