जुवाची डावी बाजू

मु. पळसगाव
दि. ९ डिसेंबर १९५४

तीर्थरूप गुणवंतभाऊ यास,
धाकटी बहीण शकू हिचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही येथे खुशाल आहोत, तुम्हा उभयतांची खुशाली कळवत जा. तुझ्या मागच्या पत्राच्या कागदालाही तुमच्या पेपरमिलचा वास येत होता. इंदुवहिनी तुला घरात कशी घेते, तिलाच ठाऊक. धानाची मळणी आटोपली. गावाच्या डोक्यात आता शंकरपटाच्या बैलशर्यतींशिवाय काही नाही. आपल्या घरात तर बारा महिने हेच.

पत्रास कारणही तेच. पोळ्यानंतर आपला मोऱ्या बैल नाल्याकडे चरायला गेला आणि परतला नाही, हे तुला लिहिलेच होते. वाघाने नेला असे सारे गाव म्हणते. रक्त नव्हते, ओढल्याची खूण नव्हती. गळ्यातले दावे तेवढे मिळाले आणि त्याची गाठ सुटलेली नव्हती. ती गाठ माझ्या मनातून जात नाही. आता बाबांनी वरोऱ्याच्या लियाकतभाईंकडून नवा बैल आणला आहे. नाव कवड्या, आणि स्वभाव इतका गोड की गुळासाठी माझा पदर चावतो. बाबांनी त्याला मोऱ्याच्या जागी, त्याचा जोडीदार लाखाच्या डाव्या बाजूला जुंपला, तोही जुन्याच जुवाला.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको, पण बाबा विसरल्याचे सोंग करतात म्हणून लिहिते. पटाचा बैल गेला की जुवाची त्याची बाजू कापायची, नाल्यावर नेऊन जाळायची, त्याचे नाव तीनदा घेऊन सोडून द्यायचे. मग ते नाव पुन्हा जुवाखाली घ्यायचे नाही. आजोबांनी हे प्रत्येक बैलाचे केले. बाबांचे म्हणणे असे की सारे पट या जुवावर मारले, ते मी कापू देणार नाई. शिवाय बैल मेला हे पाह्यलं कोणी, असे मलाच उलट विचारतात. मी वाद तिथेच सोडला. ते मला फारसे जमत नाही, हे तू जाणतोस.

कवड्या मात्र धावत नाही. तू मिलमध्ये गेल्यापासून छकडा हाकणारा धुरकरी आपला धाकटा वारलूच. रोज सकाळी घसा बसेपर्यंत ओरडतो आणि संध्याकाळी गावातून छाती काढून फिरतो. लग्नाचे विचारले की म्हणतो, आधी कोसंबीचा पट. त्यालाही खाली दोन ओळी लिहायच्या आहेत.

लोभ आहेच, तो मिलच्या पाण्यात विरघळू देऊ नये.

तुझी
शकू

भाऊ, शि. सा. न. शकुबाईचं मनावर घेऊ नको, ती उगाच घाबरते. कोसंबीचा पट आपलाच. तू पाहाले ये. नमस्कार पुरे, बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली. – वारलू

*

बल्लारपूर
दि. २२ डिसेंबर १९५४

चि. शकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. वासाचे म्हणशील तर तुझ्या वहिनीचे नाक आता मेले आहे, म्हणून आमचा संसार सुखाचा चालला आहे. तिने तुला मुगाच्या वड्या पाठवल्या आहेत. त्या वारलूच्या हाती लागू देऊ नको.

मोऱ्याचे वाचून जीव हलला. वासरू असताना मी त्याला ताकावर वाढवला. पण शकू, गेलेला गेला. आमच्या खात्यातला एक माणूस दिवाळीत तापाने वारला. त्याचा पितळी बिल्ला दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला मिळाला. आता तो त्याच नंबराला ओ देतो, घरी जाऊन पोटभर जेवतो, कुठे काही बिघडत नाही. बैलाचे वेगळे काय असणार? कवड्या धावत नसेल तर वारलूला सांग, ज्या नावाने धावेल त्या नावाने हाक मार. मी छकड्यावर असतो तर तेच केले असते.

बाबांशी भांडू नको. हा आशीर्वाद कमी आणि ताकीद जास्त समजावी.

तुझा
गुणवंत

*

मु. पळसगाव
दि. ३० जानेवारी १९५५

तीर्थरूप गुणवंतभाऊ यास,
शकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला वारलूने मनावर घेतला. सिंदेवाहीकडच्या पटात झेंडी पडली तरी कवड्या जागचा हलेना, तेव्हा त्याने हाक मारली की चल मोऱ्या. जोडी अशी सुटली की मचाणावरचे पंच घड्याळ कानाला लावून पाहू लागले. पागोटे आणि चांदीचे कडे मिळाले. पुढचा पटही आपणच मारला. बाबांनी गावभर जिलबी वाटली आणि मीही खाल्ली. आता घरात कवड्या हे नाव कोणी घेत नाही.

पण बैलांच्या कोठ्यात मी जे पाहते, ते तुलाच लिहू शकते. लाखाला मोऱ्याची मान चाटायची सवय होती. कवड्या आला तेव्हा लाखा त्याला चाटत नसे. दोघांच्या मध्ये हातभर रिकामी जागा असते ना, तिथे जीभ फिरवत राही. मला वाटले, जनावर आहे, आठवण काढते. गेल्या आठवड्यापासून मधली जागा तशीच राहते आणि तो कवड्याला चाटतो. त्याच जागी, मानेच्या त्याच वळणावर. कवड्याने गूळ सोडला आहे. आता हात पुढे केला तर मोऱ्यासारखी मान वर करून माझ्याकडे नुसता पाहतो. मोऱ्याला गूळ आवडत नसे, हे तुझ्याशिवाय कोणाला आठवणार?

परवा लियाकतभाई चांद्याला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बैल पाहायला आले. कवड्या म्हणून हाक मारली, बैलाने कान हलवला नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि काढून घेतला. बाबांना म्हणाले, की पाटील, कातडी माह्याच बैलाची आहे, आत कोण आहे मले माहीत नाई. चहा ठेवला होता, तो न घेता गेले. बाबा हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

खरी भीती वेगळीच आहे. धाव संपली तरी जोडी थांबत नाही. पहिल्या खेपेला बाभळीपर्यंत गेली, दुसऱ्या खेपेला त्याच्याही पुढे, आणि दर वेळी तोंड आपल्या नाल्याकडेच. महाशिवरात्रीला कोसंबीचा पट आहे आणि तिथे पटाच्या टोकाला लागूनच जंगल आहे. वारलू म्हणतो, कासरा माझ्या हातात आहे ना, मग काऊन घाबरते. मला वारलूची भीती वाटते, भाऊ. तो माझ्या पाठचा, आई गेल्यावर मीच त्याला खांद्यावर वाढवला. माझे कपाळ पांढरे झाले आणि मी इथे परतले, तेव्हा बैलगाडी घेऊन तोच मला आणायला आला होता. तू बाबांना लिही. तुझे ते ऐकतात.

माया आहे तशीच राहू दे आणि उत्तर मात्र लवकर दे.

तुझी
शकू

*

मु. पळसगाव
दि. २ मार्च १९५५

तीर्थरूप भाऊ यास,
शकूचा शि. सा. न.

बाबांना लिहिलेले तुझे पत्र पट झाल्यावर पोचले. तारेतले चार शब्द तुला मिळालेच आहेत. बाकीचे लिहायला हात आता कुठे उचलतो आहे.

कोसंबीचा पट आपण मारला. असा कोणी मारला नव्हता, असे म्हातारी माणसे म्हणत होती. वारलूने मोऱ्याला हाक घातली, धूळ उठली आणि लोकांनी टोप्या उडवल्या. जोडी थांबली नाही. वारलू कासरा ओढत नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तो पुढे वाकून कोणाचे तरी ऐकत असल्यासारखा बसला होता. मग झाडे आली.

दुसऱ्या दिवशी आपल्या नाल्याच्या पलीकडे छकडा सापडला. लाखा जुंपलेलाच होता, शांत, रवंथ करत उभा. डाव्या बाजूचा दोर जुवाला तसाच होता, गाठ सुटलेली नव्हती आणि आत बैल नव्हता. छकड्यावर वारलूचे पागोटे नीट घडी करून ठेवलेले होते. रक्त नाही, खूण नाही. रानातली माणसे पार पहाडापर्यंत पाहून आली आणि आमच्याकडे न बघता परत गेली.

बाबा क्रियाकर्म करू देत नाहीत. मेला हे पाह्यलं कोणी, असे आता वारलूचे म्हणतात. दिवेलागणीला दारात उभे राहतात आणि त्याला नाव घेऊन हाक मारतात. रोज. शेजारच्या नीलाबाईने त्या वेळी दार लावून घ्यायला सुरुवात केली आहे.

बाबा नदीवर गेले असता भर दुपारी मी स्वतः करवत घेतली आणि जुवाची डावी बाजू कापली. नाल्यावर नेऊन जाळली. मोऱ्याचे नाव तीनदा घेतले आणि सोडले. त्या दिवशी लाखाने सारी गव्हाण चाटूनपुसून खाल्ली आणि पाय पसरून झोपला. म्हणजे रीत खरी आहे, भाऊ. मोऱ्या गेला. पण वारलूचे नाव सोडायला माझे तोंड उघडत नाही, आणि बाबा तर रोज ते पुन्हा बांधून ठेवतात.

आता मुख्य गोष्ट. काल बाबा म्हणाले, की गुणवंतले बोलाव, तो पहिले धुरकरीच होता. वारलूच्या जागी त्याले बसवू, मंग पाहू वारलू कसा येत नाई. बोलताना ते रागात नव्हते, आनंदात होते. म्हणून लिहिते, तू येऊ नको. सुतक पाळायला नको, मला धीर द्यायलाही नको. कोणाची हाक ऐकू आली तरी ओ देऊ नको.

लोभ दुरूनच असू दे.

तुझी
शकू

*

बल्लारपूर
दि. ९ मार्च १९५५

तीर्थरूप शकुबाईस,
शि. सा. न. वि. वि.

बाई, तुझं पत्र मिळालं. तू उगाच घाबरते. उशीर झाला म्हणून बाबांना रागावू नको म्हणावं. धाव संपली तरी बैल थांबले नाई, त्याले मी काय करू. पागोटे खराब होऊ नये म्हणून काढून ठेवलं, तू ते पेटीत ठेव. मी निघालो, येऊन राह्यलो. लाखाले सांगजो. नमस्कार पुरे, बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली.

शकुबाई, इंदूचा नमस्कार.

वरचे अक्षर यांचेच आहे. मी समोर बसून लिहिताना पाहिले. धाकट्या बहिणीला साष्टांग नमस्कार कोणता थोरला भाऊ लिहितो, असे मी हसत विचारले. यांनी माझ्याकडे पाहिले, आणि वहिनी म्हणाले. मला वहिनी म्हणाले, शकुबाई.

तार आल्यापासून हे दिवेलागणीला उठून दारात जात होते. कोण हाक मारते म्हणून विचारले तर बाबा, एवढेच सांगत. पहिले काही दिवस नुसते ऐकत. तुमचे पत्र आले त्या संध्याकाळी यांनी ओ दिली. काल मिलच्या भोंग्याला उठले नाहीत. पत्र लिहून खाली ठेवले आणि अनवाणी निघाले, स्टेशनकडे नाही, जंगलाच्या रस्त्याने, पायी.

लग्नातल्या उखाण्यानंतर मी कधी यांचे नाव घेतले नव्हते. काल चाळीच्या दारात उभी राहून घेतले. मोठ्याने घेतले, तीनदा घेतले. चाळीतली माणसे हसली. हे वळले नाहीत. तीनदा का घेतले म्हणून आता मन खाते आहे, कारण तुमच्या घरची रीत मला तेव्हा आठवली नाही. माझ्या मनात सोडायचे नव्हते, धरायचेच होते.

आमचे शेजारी गुलाम रसूल आज रेल्वेने वडशाला जात आहेत. ते वाटेत उतरून यांच्या आधी तुमच्याकडे पोचतील, म्हणून पत्र त्यांच्या हाती देते. मी मागून येतेच आहे. तोवर तुम्ही दारात बसा, जेवायलाही उठू नका. हे वाटेवर दिसले की गुणवंत म्हणून हाक मारा. बाबांच्या आधी मारा.

तुमची
इंदू