बोटांना कळणारा फोन

१० फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या पानावर लिहिलंय की आईने फोन आपटला. ते चूक आहे. आपटला नाही. पलंगावर पालथा ठेवला आणि वर उशी ठेवली. आपटल्यासारखं मला वाटलं, कारण मी ते गृहीतच धरून बसले होते. कालचं खोडत नाही, पण नोंद बरोबर असावी.

झालं असं — माझा जुना फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, लिही काहीतरी. तिने एका अक्षरावर बोट ठेवलं. काही नाही. दाबलं. घासलं. बोट फुंकून, पुसून परत ठेवलं. काही नाही! मग फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली — म्हणजे ओरडलीच, तिला स्वतःचा आवाज कळत नाही — "ह्याला वाटतंय मी मेलेय!"

भिंतीपलीकडून शेजारचे काका, "अगं, कोण मेलं?"

यंत्रमागावर तुटलेले धागे गाठून गाठून आईच्या बोटांची टोकं शिंपल्यासारखी टणक आणि गुळगुळीत झालीत. काचेला ती लागतच नाहीत. कान तर आधीच गेले, त्याच यंत्रमागांच्या शेडमध्ये, खडखडाटाने.

११ फेब्रुवारी, बुधवार

सगळं नीट मांडून बघते, म्हणजे डोक्यातला गुंता तरी सुटेल.

नकाशे काढायच्या प्रशिक्षणाला माझी निवड झाली आहे. एक वर्ष. वसतिगृहात राहायचं. रेल्वेने दिवसभराचा प्रवास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे विचारायचं कोणाला, हाच प्रश्न. येणार की नाही ते शुक्रवारी, वीस तारखेपर्यंत कळवायचंय.

मी गेले तर घरात आई एकटी. समोर असलं की तिला सगळं कळतं, ओठांवरून. शेडमधली माणसं तशीच बोलतात — आवाज न काढता, ओठ मोठे करून, हात हलवून. मागांच्या खडखडाटात दुसरा उपायच नाही. मी लहानपणी बोलायला आणि न बोलता बोलायला एकदमच शिकले. आमच्या घरात गुपित सांगायला कुजबुजावं लागत नाही. फक्त दिवा लागलेला हवा!

पण लांबून कसं करायचं? व्हिडिओ कॉल करून बघितला, मी मावशीच्या घरी जाऊन. आमच्या गल्लीत नेट असं की माझं चित्र 'आ' वासलेल्या तोंडानेच गोठलं. आई हसून हसून लोळली. बोललेलं लिहून घेणारी सोयही बघितली. आई शेडमधल्या आवाजात म्हणाली, "जेवलीस का?" फोनने जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग उरलं लिहिणं. आईला लिहिता-वाचता येतं. मी सहावीत असताना मीच शिकवलं, माझ्याच जुन्या पुस्तकांवर. हळू लिहिते, पण एक वेलांटी चुकत नाही. फक्त काच नको. खऱ्या, दाबता येणाऱ्या कळा हव्यात. आणि वाचायला मोठा पडदाही हवा.

आई म्हणते, "तू जा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" पण असं म्हणताना भांडी जोरात ठेवते.

स्वतःला अट घालून घेतली आहे. असा फोन मिळाला आणि आईला जमला, तर जायचं. नाही तर नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दुकानं. तिन्हीकडे तोच चेहरा. "टचस्क्रीन पण, आणि कळा पण? ताई, तसले आता आजोबांच्या कपाटात असतात!"

एकाने साधा बटणांचा दाखवला. पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि एका अक्षरासाठी तीच कळ तीनदा दाबायची. कळा मोजता मोजता आई वाक्यच विसरेल. दुसऱ्याने वेगळा कीबोर्ड दाखवला, फोनला बाहेरून जोडायचा. तो वेगळा चार्ज करायचा, वेगळा सांभाळायचा. बरोबर मावशी आली होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, शेडमध्ये तिच्या शेजारचाच माग चालवते. ती त्या कीबोर्डकडे बघत म्हणाली, "म्हणजे फोनची कवळी!"

दुकानदार हसला नाही. मी हसले, आणि मग मला वाईट वाटलं, कारण तो बिचारा मनापासून दाखवत होता. बाहेर पडताना उगाचच त्याच्याकडून फोनचं कव्हर घेतलं. नसलेल्या फोनचं कव्हर!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यात मी नाव-नोंदणीच्या खिडकीवर बसते. आज एका बाईंचं वय छत्तीसच्या जागी त्रेसष्ट लिहिलं. बाई म्हणाल्या, "इतकी दमलेली दिसतेय का मी?" मन थाऱ्यावर नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मिळाला! मिळाला! मिळाला!

नीट लिहिते. बाजाराच्या मागच्या बोळात फोन दुरुस्त करणारा एकजण बसतो. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. खऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या दवाखान्यात असतात, त्यांच्यापेक्षा याच्याकडे गर्दी जास्त. मी आईलाच घेऊन गेले. त्याने खणातून दोन फोन काढले, दोन्ही वापरलेले.

पहिल्यात पडद्याच्या खाली कळा, तांदळाएवढ्या, दाटीवाटीने. दुसरा वरून नुसता काचेचाच. पण अंगठ्याने ढकलला की पडदा सरकतो आणि खालून अख्खा कीबोर्ड बाहेर येतो! कळा रुंद, मधोमध जराशा फुगीर. मागचं झाकण दुसऱ्याच कुठल्या फोनचं, रंगही वेगळा.

डॉक्टर आईला कॅमेरा दाखवायला लागला. "बघा काकू, फोटो कसे येतात."

आई म्हणाली, "फोटो नको. इकडे दे."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता हिला काय झालं? तर ती दोन्ही अंगठे कळांवरून फिरवत होती. शेडमध्ये कापडातली चूक शोधताना फिरवते तसेच, कडेपासून कडेपर्यंत. पहिला फोन ठेवून दिला. "चिकटलेत सगळे एकमेकांना." दुसऱ्यावर अंगठे परत परत फिरले. एक कळ दाबली. सोडली. परत दाबली. डोळे उघडले.

"बसते," ती म्हणाली. "कळ खाली बसते. कळलं मला."

मला 'खट' ऐकू आलं होतं. तिला ते बोटात आलं.

डॉक्टर म्हणाला, "काकू, मागचं झाकण बदलून देतो, जरा बरं दिसेल."

"राहू दे. मला काय त्याचं लग्न लावायचंय?"

सगळा बोळ हसला. म्हणजे सगळ्या बोळाला ऐकू गेलं.

आणि ते नसलेल्या फोनचं कव्हर — बसत नाही. मोठं होतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

आईला सुटी. सकाळपासून शाळा.

कळांवर इंग्रजी अक्षरं, ती आईला येत नाहीत. मी कागदाचे बारीक तुकडे कापले, त्यावर आपली अक्षरं लिहिली, एकेका कळेवर चिकटवली आणि वरून नेलपॉलिशचा पारदर्शक हात दिला. मान मोडून आली. एक 'ढ' तिरका बसलाय. दिवसभर तोच दिसतोय.

मग एक शोध लागला. संदेश उघडायला काचेला हात लावावाच लागतो, आणि तिथे परत आई मेलेली! ती चिडून सगळी बोटं एकेक करून लावायला लागली, आणि करंगळीला फोन जागा झाला! करंगळीने तिने कधी गाठ मारलेली नाही ना, ती तशीच मऊ राहिली आहे. आई स्वतःच्या करंगळीकडे बघत बसली. "ही एवढी वर्षं नुसती बसून खात होती!"

म्हणजे असं ठरलं. उघडायचं करंगळीने, लिहायचं अंगठ्यांनी. करंगळीनेच काचेवर लिहून बघितलं, पण ती थरथरते आणि भलत्याच अक्षरावर पडते.

फोनमध्ये नंबर घातले. माझा, मावशीचा, दवाखान्याचा. आणि प्रशिक्षण केंद्राच्या वसतिगृहाचा. गेलेच तर लागेल म्हणून. अजून ठरलेलं काही नाही. पण अर्धवट काम मला सहन होत नाही. आईने विचारलं, "हा कोणाचा?" मी सांगितलं. तिने तो नंबर एकेक आकडा करून ओठांनी वाचला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

खिडकीवर रांग होती. खणात माझा फोन घरघरला. परत घरघरला. परत! परत! डॉक्टरीणबाईंनी आतून डोकावून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" रांग तशीच टाकून मागच्या दाराने बाहेर पळाले, फोन उघडला.

मी.
शेडमध्ये.
पोचले.
चहा.
घेतला.
मावशी.
चोरून.
वाचते.

एका शब्दाचा एक संदेश! प्रत्येक शब्दानंतर बाईसाहेबांनी पाठवायची कळ हाणली होती. मी पायरीवर बसून हसले, आणि मग जरा रडलेही. रांगेतली माणसं काचेतून बघत होती.

संध्याकाळी समजावलं, "आई, आधी पूर्ण वाक्य लिहायचं. मग एकदाच पाठवायचं."

तिला ते पटेना. "एक धागा आडवा गेला की फणीने तो ठोकावाच लागतो. ढीगभर धागे टाकून शेवटी एकदाच ठोकलं, तर कापड होईल का?"

"हे कापड नाहीये गं!"

"मग काय आहे?"



१७ फेब्रुवारी, मंगळवार

डबा घरी विसरले. लगेच कळलं. तुझा. डबा. ओट्यावर. राहिला. वेंधळी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

संकट! आईच्या बोटांनी माझे कागदाचे तुकडे खरवडून टाकले. निम्म्या कळा कोऱ्या, बाकीच्या जायच्या वाटेवर. नेलपॉलिशचे पापुद्रे पिशवीत. मी लगेच कात्री-कागद घेऊन बसले, तर आईने कात्री काढून घेतली.

"कशाला?"

"अगं, अक्षरं गेली! तुला कळणार कसं, कुठे काय आहे?"

तिने ओठांनीच, आवाज न काढता सांगितलं — म्हणजे काही महत्त्वाचं असणार — "मागावर खाली बघत बसले असते तर आजवर बोटं राहिली असती का?"

आणि माझ्याकडे बघत, फोनकडे न बघता, अंगठे चालवले. माझा फोन मांडीवर घरघरला. उघडला तर —

ढ.

नुसता 'ढ'! मला म्हणाली! आणि तोही बरोब्बर. तिरका बसलेला तोच, तो तर सगळ्यात आधी पडला होता.

मावशी सांगत होती, शेडमध्ये चहाच्या सुटीत बायका आईभोवती जमतात, फोन बघायला मागतात. आई कोणाला देत नाही. "हात पुसून या आधी," म्हणते. पाटलीणबाई झालीये नुसती!

जाईन का मी? जाईन बहुतेक.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एकही संदेश नाही.

सकाळी मी लिहिलं, पोचलीस का? उत्तर नाही. दुपारी परत लिहिलं. नाही. खण दहा वेळा उघडून बघितला. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "आहे की इथेच, ठणठणीत आहे," आणि तिला कसलंसं हसू येत होतं.

घरी आले तर आई भाजी चिरतेय, मधूनच अंगठे चोळतेय. "लिहिलं का नाहीस?" तर म्हणे, "काम होतं." बस. एवढंच. पुढे विचारलं की पाठ फिरवते. आईशी पाठ फिरवून बोलता येत नाही, हे तिलाही चांगलं माहीत आहे.

मला कळलं काय झालंय ते. अक्षरं गेली आणि आता तिला जमत नाहीये. काल 'ढ' जमला, कारण तो नशिबाने जमला. मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीये. मी निघून जाईन आणि इथे ही कोऱ्या कळांपुढे बसेल, कोणाला काही सांगता न येता. अट मीच घातली होती. अट म्हणजे अट.

उद्या दवाखाना उघडला की आधी केंद्राला फोन करायचा. वाक्य ठरवून ठेवलंय — घरच्या अडचणीमुळे येता येत नाही, संधीबद्दल आभार. तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा आवाज नीट आला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मी नंबर लावायच्या आधी त्यांचाच फोन आला. वसतिगृहाच्या बाई. हसू आवरत नव्हतं त्यांना. "तुमच्या आईंचे संदेश काल दिवसभर येत होते हो. आधी वाटलं कोणी चेष्टा करतंय, पण कोणाची आई विचारलं तर तुमचं नाव आलं. मग आम्ही सगळ्याजणी हातातलं काम टाकून, पुढचा शब्द कोणता येतो ते बघत बसलो!"

मी म्हटलं, काय लिहिलंय? त्यांनी वाचून दाखवलं, एकेक शब्द थांबून थांबून.

माझी. मुलगी. येणार. आहे. ती. फार. घाबरते. उद्या. नाही. म्हणेल. तुम्ही. ऐकू. नका. खिडकीची. खोली. द्या.

"आम्हीही तसंच उत्तर दिलं," बाई म्हणाल्या. "खिडकीची. खोली. ठेवली." मग विचारलं, "तर, तुमचं काय म्हणणं आहे?"

पाठ केलेलं वाक्य आठवेना.

शनिवार, २८ फेब्रुवारी. सकाळची गाडी.