जाड डोक्याचे बोल्ट

चिमे,

गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रींचं महिन्यापूर्वी पत्र आलं होतं. तू शर्यतीच्या सरावाला गेली होतीस, म्हणून मीच उघडलं. गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर इंजिनमागच्या फिरत्या चकतीला, फ्लेक्सप्लेटला, जोडायला दिलेल्या बोल्टांची डोकी जाड आहेत, ती इंजिनला घासतील. बोल्ट आणि इंजिन यांच्यामधली फट मोजून कळवा, पातळ डोक्याचे पाठवतो, असं त्यात होतं. मला धड कळलं नाही, तुला विचारायची लाज वाटली, आणि ते पत्र पुस्तकात खूण म्हणून राहून गेलं.

आज सकाळी गाडीतून टकटक ऐकू आली. तू म्हणालीस, "आजोबा, तुमची कवळी वाजतेय!" मीही हसलो. मग पुस्तक उघडलं आणि ते पत्र पुन्हा वाचलं. भर वेगात बोल्ट तुटला तर प्लेटचे तुकडे तुझ्या पायांपाशी उडतील.

गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. आजची शर्यत बुडेल. तुझ्यासमोर तोंडातून शब्द फुटणार नाही, म्हणून वाचनालयात जाऊन बसतो. तिथे येऊन हवं तितकं बोल, पण दुसरी किल्ली शोधू नकोस.

मिस्त्रींना फोन करायचा धीर झाला नाही. "फट मोजलेली नाही. चूक माझी, पोरीची नाही. पातळ डोक्याचे पाठवा," एवढं कार्डावर लिहून आत्ताच टपालपेटीत टाकून आलो.